रब्बीची पेरणी करण्याआधी: हिशेब एकरावर नको, पाण्यावर मांडा

घटस्थापना आली की सोलापूर जिल्ह्यात तिफणी बाहेर निघतात. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा योग्य काळ साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. या दिवसांत पारावर बियाणं, खत, वाफसा यांवर तासन्‌तास बोलणं होतं. कुठलं पीक किती रानात घ्यायचं हे मात्र गेल्या साली शेजाऱ्याला काय भाव लागला यावरच ठरतं. यंदा पेरणीआधी एक संध्याकाळ काढा आणि घरातल्या सगळ्यांनी वही घेऊन बसा.

पहिलं पान पाण्याचं. एकरी किती उरले, असं विचारायची आपल्याला सवय आहे. पण आपल्या जिल्ह्यात बहुतेकांचं रान पुरून उरतं, पाणी पुरत नाही. जे सगळ्यांत आधी संपतं त्याच्या मापानं नफा मोजावा, हा शेतीच्या अर्थशास्त्राचा पायाच आहे. म्हणून मोटारीचे तास मोजा. समजा, उसाच्या एका एकराला वर्षभरात 300 तास मोटार चालली आणि खर्च वजा जाता 60,000 रुपये उरले. हरभऱ्याला दोन पाण्यांत 24 तास लागले आणि 18,000 उरले. एकरावर पाहिलं तर ऊस तिपटीहून मोठा. तासावर पाहिलं तर उसाचे 200 रुपये, हरभऱ्याचे 750. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या विहिरीचे तुम्हीच घाला. ठिबक असेल तर उसाचं गणित बदलेल, उजनीच्या कालव्याखाली आणखी वेगळं येईल.

ऊस मोडा, असं मी म्हणत नाही. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे, बाजारात पाट्या घेऊन बसावं लागत नाही. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो आणि विहीर तळाला जाते त्या एप्रिल-मेमध्येच सगळ्यांत जास्त पाणी मागतो. पाणी मार्चपर्यंतच टिकणार असेल, तर उसाचा एकर आत्ताच ठरवून कमी करा. मे महिन्यात तो वाळताना बघण्यापेक्षा हे बरं.

ज्वारीच्या हिशेबात एक चूक मी गावोगाव पाहतो. लोक पोती मोजतात, कडबा मोजत नाहीत. मालदांडी 35-1 हा ज्वारीचा वाण आपल्या भागात इतकी वर्षं टिकला तो भाकरीच्या चवीइतकीच कडब्यावर. घरची जनावरं कडबा खातात म्हणून त्याला किंमत नाही असं होत नाही. तेवढाच कडबा विकत आणायचा तर शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्यांना, किती मोजावे लागले असते, तो आकडा जमेच्या बाजूला लिहा. तसंच खर्चाच्या बाजूला घरच्या माणसांची मजुरी लिहा. खुरपणीला घरच्या दोघी आठ दिवस राबल्या, सावडीनं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, चार बायका आल्या, ते फुकट नव्हतं. ही रक्कम धरल्यावर जे पीक तोट्यात जातं, ते घरातल्या बायकांच्या कष्टावर उभं असतं. हे मला फार लागतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता माझ्या घरची गोष्ट. एका मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या बहारात, आमच्या डाळिंबावर तेल्या रोग आला. फळांवर काळे तेलकट डाग, मध्ये चिरा. तोवर बागेत बराच पैसा गेला होता, म्हणून "एवढं घातलंय, आता कसं सोडायचं" असं म्हणत मी फवारण्या चालूच ठेवल्या. शेवटी निघालेला माल त्या नंतरच्या फवारण्यांच्या खर्चाइतकाही विकला नाही. गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच असतो. विचारायचं एवढंच होतं: आजपासून घालीन त्या रुपयाला किती परत येईल? डाग पडलेली फळं तेव्हाच तोडून नष्ट केली असती, बागेला विश्रांती दिली असती, तर पुढचा बहार तरी लवकर सावरला असता.

कांद्यालाही हाच नियम. सोलापूरच्या बाजारात भाव पडला की रोपं, खत, औषध यांचा खर्च डोक्यातून काढा. काढणी, बारदान, गाडीभाडं, हमाली, तोलाई एवढंच क्विंटलवर काढा. भाव त्याच्या वर असेल तर माल न्या, तोटा तेवढा कमी होतो. त्याच्या खाली असेल तर नेऊ नका. यासाठी प्रत्येक पट्टी, म्हणजे आडत्यानं दिलेला विक्रीचा हिशेब, जपा. पट्टीवर वरची रक्कम बघून आपण खूश होतो, पण वजावट खालच्या ओळींत असते आणि गाडीवाल्याला हातात दिलेले पैसे तर तिथे नसतातच. ते त्याच दिवशी पट्टीच्या मागे लिहून ठेवा.

तूर, हरभरा, ज्वारी घाईनं विकायची वेळ आली तर बाजार समितीत पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजानं मिळते. पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, ती तारीख चुकवू नका.

आणि पाण्याच्या पानावर शेवटी एक ओळ लिहा: ज्वारीला एकच पाणी देता येणार असेल, तर ते पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी. हरभऱ्याला एकच असेल, तर फुलं लागायच्या सुमारास. तेवढे तास आत्ताच बाजूला काढून ठेवा.