एकच आयगेनव्हॅल्यू दोनदा आली तर

क्ष′ = अ·क्ष या डिफरन्शियल समीकरणांच्या प्रणालीत (क्ष हा ट वर अवलंबून असलेला व्हेक्टर, क्ष′ त्याचं डेरिव्हेटिव्ह) अ मॅट्रिक्सच्या ओळी (३, १) आणि (−१, १) आहेत असं धरा. कर्णावरची बेरीज ४, निश्चयकही ४; म्हणून आयगेनव्हॅल्यू (लॅम्डा) देणारं समीकरण लॅम्डा² − ४ लॅम्डा + ४ = ०, आणि २ हे मूळ दोनदा.

आता कर्णातून २ वजा करा. ओळी (१, १), (−१, −१) उरतात. आयगेनव्हेक्टर (या उरलेल्या मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य देणारा, स्वतः शून्य नसलेला व्हेक्टर) पटी सोडल्या तर एकच: व = (१, −१). पहिली उकल ई^(२ट)·व.

दुसरीसाठी बरेच जण नुसतं ट·ई^(२ट)·व लिहून मोकळे होतात. ताळा करा: डेरिव्हेटिव्ह घेताना ई^(२ट)·व हे जादा पद उरतं, उजवीकडे त्याला जोडीदारच नाही. तो मिळवायला (अ − २आय)ड = व सोडवा (आय म्हणजे एकक मॅट्रिक्स, ड हा शोधायचा नवा व्हेक्टर); उजवीकडे शून्य नव्हे, व. ड१ + ड२ = १, म्हणून ड = (१, ०) चालेल. दुसरी उकल: ई^(२ट)(ट·व + ड).

व चं चिन्ह मध्येच बदललंत तर ड पुन्हा काढा, मार्क हमखास इथेच जातात. आणि हो, अ = २आय असेल तर दोन स्वतंत्र आयगेनव्हेक्टर मिळतात; तिथे ट आणायचाच नाही.