गळतीचं भांडण मध्यस्थीला न्यायचंय? आधी एवढं करा

वरच्यांचं बाथरूम गळतंय, खालच्यांच्या हॉलचं पीओपी फुगलंय आणि आठ महिने झाले, दोघं लिफ्टमध्ये एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी डोंबिवलीत एका छोट्या संस्थेत शनिवारी मध्यस्थ म्हणून बसतो, तिथे हीच केस फ्लॅट नंबर बदलून येत असते. बहुतेकांची पोलीस स्टेशनला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, देऊन झालेली असते, आणि एनसीत कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत हे तिथे गेल्यावरच कळतं.

तर पहिलं म्हणजे, संस्थेला फोन तुम्ही करा पण समोरच्याला निरोप तुम्ही देऊ नका. "चल आता मध्यस्थाकडे, दाखवतोच तुला" असं जिन्यात ओरडलात की तो येणारच नाही, आणि जबरदस्ती कुणावर करता येत नाही, अर्ध्यातून उठून गेला तरी चालतं. आम्ही फोन करतो, दोघांचं वेगवेगळं ऐकतो, मग एकत्र बसवतो.

त्याआधी प्लंबर बोलवून पाणी नक्की कुठून येतंय ते बघून घ्या. हे फार महत्त्वाचं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आपल्या संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची, बाहेरच्या कॉमन पाइपची आणि पावसाची गळती सोसायटीने. एकदा आम्ही दोन शनिवार दोन शेजाऱ्यांना समोरासमोर बसवून घालवले आणि पाणी येत होतं डक्टमधल्या कॉमन पाइपातून, म्हणजे तिथे सेक्रेटरी पाहिजे होता आणि तोच नव्हता. चूक आमचीच.

येताना तारखेसकट फोटो आणा, प्लंबरचं कोटेशन आणा, वकील मेव्हण्याला आणू नका.

बसल्यावर मध्ये एकदा आम्ही प्रत्येकाला बाजूला घेऊन बोलतो, तेव्हा खरं काय ते सांगून टाका. एक रिटायर्ड काका तासभर प्लास्टरचंच बोलत होते, बाजूला घेतल्यावर म्हणाले, "तो पोरगा मला गणपतीत सगळ्यांसमोर ए म्हाताऱ्या म्हणाला हो." पोराला आठवतही नव्हतं. त्याने माफी मागितली आणि मंगळवारी काकांनी स्वतःच दार उघडून प्लंबरला आत घेतलं, आठ महिने घेत नव्हते.

कागदावर "लवकरात लवकर दुरुस्ती करू" असलं काही लिहू नका. कोणत्या तारखेच्या आत फरशी काढून वॉटरप्रूफिंग, प्लंबर कोण आणणार, खर्च कुणाचा, खालचं पीओपी आणि रंग कोण करणार, ४८ तास पाणी भरून टेस्ट कधी, तेव्हा खालचं घर उघडं कोण ठेवणार, सगळं लिहा.

हा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नाही हं, म्हणजे कुणी शब्द मोडला तर कोर्टाच्या निकालासारखा तो अंमलात आणता येत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं, म्हणजे शेजारीपाजारी, वस्तीतली भांडणं मिटवण्याचं, वेगळं प्रकरण आहे, त्यातही हेच लिहिलंय. रक्कम मोठी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत जा, केस दाखल नसली तरी चालतं, तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं आणि त्यावर अपील नाही. हेल्पलाइन १५१००.

घरातली मारहाण, लहान मुलांवरचा अत्याचार असलं काही असेल तर आमच्याकडे यायचंच नाही, सरळ ११२ किंवा महिलांसाठी १८१. आणि मध्यस्थ म्हणवणारा कुणी दंड भरा नाहीतर वाळीत टाकू म्हणाला तर उठून या, सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

महिन्याभराने आमचा फोन येईल, तेव्हा उगाच "हो हो, सगळं ठीक" म्हणून ठेवू नका, भिंत परत ओली दिसत असेल तर तेव्हाच सांगा, पावसाळा लागला की हे पाणी कुठलं यावरून परत पहिल्यापासून सुरू.