मुलाचं गणित नेमकं कुठे अडलंय, ते आधी शोधा

मुलाचं गणित कच्चं आहे म्हणून पालक भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात चालू इयत्तेची वही असते. मुलगा चौथीतला असतो, भागाकार चुकलेले असतात, आणि घरी रोज संध्याकाळी भागाकारच घोटून घेतला जात असतो. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी वर्षानुवर्षं तिसरी-चौथीचे वर्ग घेतले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: चूक जिथे दिसते तिथे अडचण सहसा नसते. भागाकाराला वजाबाकी लागते, वजाबाकीत दशक मोडावा लागतो, आणि दशक म्हणजे काय हे पहिली-दुसरीतच निसटलेलं असतं. मग चौथीची कितीही उदाहरणं सोडवून घेतली तरी ती टिकत नाहीत. म्हणून शिकवायला बसण्याआधी एक दिवस फक्त शोधण्यासाठी ठेवा.

सुट्टीची सकाळ बरी. मुलाचं पोट भरलेलं असावं, घरात पाहुणे नसावेत, टीव्ही बंद असावा. कोरे कागद आणि पेन्सिल द्या. खोडरबर देऊ नका, कारण खोडलेलं उत्तरच आपल्याला बघायचं असतं. "ही परीक्षा नाही, तू विचार कसा करतोस ते मला समजून घ्यायचंय," एवढं सांगा आणि एकेक विचारा:

बावन्न, सदतीस, एकोणसत्तर या संख्या लिही.
एकशे पाच लिही.
४७ + ८ उभी मांडणी करून सोडव.
४३ − १७ सोडव.
६ × ४ म्हणजे काय, ते चित्र काढून दाखव.
मीनाकडे १५ बोरं आहेत. ती राजूच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. राजूकडे किती?
मूल चौथीत असेल तर ६१२ ÷ ६.

प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न: "कसं काढलंस?" उत्तर बरोबर असलं तरी विचारा. फक्त चुकल्यावर "कसं काढलंस?" विचारलं, तर मूल दोन दिवसांत ओळखतं की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, आणि बोलायचं थांबतं. त्या दिवशी काही दुरुस्त करू नका. हे फार अवघड जातं, पण तोंडावर ताबा ठेवा.

आता कागद वाचायचा. बावन्नचे २५ झाले असतील तर मूल ऐकू येतं त्या क्रमाने लिहितंय. आपल्याकडे संख्येच्या नावात एकक आधी येतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत पुढच्या दशकाचं नाव ऐकू येतं, म्हणून एकोणसत्तरचे ७९ होतात. यात मुलाचा आळस नाही, त्याच्या कानाने प्रामाणिकपणे ऐकलेलं आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असंही वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा या नव्या वाचनाच्या समर्थनार्थ मांडलेली बाजू मला पूर्ण पटली होती, कारण या नावांपाशी अडखळणारी मुलं मी रोज बघत होते. घरी दोन्ही नावं जोडीने म्हणा: पन्नास आणि दोन, बावन्न. साठ आणि नऊ, एकोणसत्तर. काही आठवड्यांत जुनं नाव आपोआप पक्कं होतं. मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि त्याला 'त्रेसष्ट' कळत नसेल, तर गणित समजावताना सिक्स्टी थ्रीच म्हणा. मराठी संख्या जरूर शिकवा, पण वेगळ्या वेळी. एकाच उदाहरणात दोन्ही भाषा आल्या की मूल कशात अडलं तेच कळत नाही.

एकशे पाच म्हणून १००५ लिहिलं, किंवा ४७ + ८ चं उत्तर ४१५ आलं, तर स्थानिक किंमत कळलेली नाही. ४३ − १७ = ३४ आलं, तर मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, सातातून तीन. ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसली आणि तिचं मूळही तेच. ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ आलं तरी कारण वेगळं नाही, मधल्या शून्याची जागा मुलाला दिसलेली नाही. एवढं मोठं दुखणं आणि मुळाशी एकच गोष्ट: दहा सुटे म्हणजे एक दशक, आणि एक दशक मोडला की दहा सुटे. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या, 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतल्या पायऱ्याही याच क्रमाने चढतात: १ ते ९ ओळखणं, मग ११ ते ९९, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मूल ज्या पायरीवर अडलं, तिथूनच सुरुवात करायची, इयत्ता कुठलीही असो.

काड्यांचे गठ्ठे

साहित्य विकत आणायची गरज नाही. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडा, शंभरेक पुरतात. सोबत रबरबँड. चिंचोके मोजायला छान, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून दशकासाठी मी काड्याच वापरते.

पहिले दोन-तीन दिवस फक्त गठ्ठे बांधायचे. मूठभर काड्या द्या, "किती असतील?" असा अंदाज विचारा, मग दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावा. तीन गठ्ठे आणि चार सुट्या: तीस आणि चार, चौतीस. गठ्ठे मुलानेच बांधायचे. तुम्ही आधी बांधून ठेवलेत तर त्या गठ्ठ्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, ते प्रत्येक वेळी सोडून मोजत बसतं.

मग ४३ − १७. चार गठ्ठे, तीन सुट्या. "मला सतरा दे." मूल एक गठ्ठा देतं आणि सात सुट्यांपाशी थांबतं, कारण सुट्या तीनच आहेत. इथे गप्प बसा. काही मुलं पटकन रबर काढतात, काही बराच वेळ नुसती बघत राहतात. काढू द्या त्याला तो रबर स्वतःच्या हाताने. आता तेरा सुट्या झाल्या, सात दिल्या, सहा राहिल्या, दोन गठ्ठे शिल्लक. सव्वीस. ही कृती आठवडाभर वेगवेगळ्या संख्या घेऊन करा आणि या काळात वहीत काहीही लिहायला लावू नका.

पुढच्या आठवड्यात काड्यांऐवजी चित्र: गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी ठिपका. दशक मोडायचा म्हणजे एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. मूल कंटाळून "मला नुसतं लिहूनच येतं" म्हणेल, तेव्हा अंकांवर या. मग चारवर काट मारून तीन लिहिणं आणि तीनचे तेरा करणं त्याला कळतं, कारण तो रबर त्याने सोडलेला असतो. अंकांत पुन्हा गोंधळलं तर एक पायरी खाली या. त्यात कमीपणा काहीच नाही.

बोटांवर मोजणाऱ्या मुलाला रागावू नका. बोटं ही त्याची पहिली गणितपेटी आहे, गरज संपली की ती आपोआप सुटतात. सक्तीने सोडवली तर मूल टेबलाखाली मोजतं आणि घाईत चुकतं.

पाढ्यांबद्दल

पाढे पाठ असावेत याच मताची मी आहे. चौथीत पाढे नसतील तर भागाकारात मुलाची सगळी शक्ती त्यातच जाते. पण ज्याला सात आठे छप्पन्नपर्यंत पोचायला 'सात एके सात'पासून धावावं लागतं, त्याचा पाढा अजून कामाला आलेला नाही. आधी ६ × ४ चं चित्र: चार-चार ठिपक्यांच्या सहा ओळी. कागद आडवा फिरवला की त्याच सहा-सहाच्या चार ओळी होतात. हे मुलाला पटलं की ओझं निम्म्यावर येतं. दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना येतात. ते आणि एकचा पाढा सोडला, तर दहा दाहे शंभरपर्यंत पाठ करायचे गुणाकार उरतात फक्त २१. ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा आणि आठवड्याला तीन-चार घ्या. चारचं येत नसेल तर दोनच्या पाढ्यातलं उत्तर दुप्पट करायचं, सहाचं येत नसेल तर पाचच्या उत्तरात तीच संख्या आणखी एकदा मिळवायची (सहा आठे म्हणजे पाच आठे चाळीस आणि आठ). असं स्वतः काढलेलं उत्तर लवकर पाठ होतं.

सुटे पैसे

भाजीवाल्या मावशी शंभराच्या नोटेतून ६३ रुपये घेताना वजाबाकी मांडत नाहीत. त्रेसष्टपासून सात घातले की सत्तर, आणखी तीस घातले की शंभर. सदतीस परत. ही चढत जाण्याची रीत मुलाला शिकवा, हातच्याच्या वजाबाकीची ती उत्तम पडताळणी आहे. आता आपण फोनवरून पैसे देतो, त्यामुळे मुलांना सुटे पैसे दिसतच नाहीत. आठवडी बाजारात निदान मुलाबरोबर असताना रोख द्या, आणि परत आलेले पैसे त्यालाच मोजू द्या. एसटीत त्याचं अर्धं तिकीट किती होईल ते कंडक्टर सांगायच्या आधी विचारा. शाब्दिक उदाहरणांचं मूळ इथेच आहे. बोरांच्या उदाहरणात २१ उत्तर देणाऱ्या मुलाने 'जास्त' शब्द बघून बेरीज केलेली असते. त्याला प्रसंग करून दाखवायला सांगा, जास्त बोरं कुणाकडे आहेत ते आधी ठरवू द्या, मग अंकांना हात लावू द्या.

रोज पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. घरात ज्याचा आवाज लवकर चढतो त्याने बसू नये. आजोबा, आत्या, मोठी बहीण, कुणीही चालेल. आणि मुलासमोर "मलाही लहानपणी गणित जमायचं नाही" किंवा "इतकं सोपं आहे रे" या दोन्ही गोष्टी कृपा करून बोलू नका. पहिल्याने ते हात टेकतं, दुसऱ्याने त्याला स्वतःची लाज वाटते.

वजाबाकी बसल्यावर सरावासाठी एक खेळ सांगते. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या जगभर माहीत आहे; पुढे सांगितलेला खेळ चार अंकांवर केला की शेवटी तीच येते. तिचं तीन अंकी भावंडही आहे, ४९५. कोणतेही तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. समजा ३, ५, २. मोठ्यात मोठी संख्या ५३२, लहानात लहान २३५. वजाबाकी २९७. पुन्हा तेच: ९७२ − २७९ = ६९३. ९६३ − ३६९ = ५९४. ९५४ − ४५९ = ४९५, आणि पुढे ४९५ च येत राहतं. प्रत्येक वेळी दशक मोडावा लागतो, आणि उत्तराच्या मध्ये ९ आला नाही तर वजाबाकी चुकली हे मुलाला स्वतःलाच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. (पहिलंच उत्तर ९९ आलं तर ते ०९९ असं लिहायचं.)

शाळेत बाईंना किंवा सरांना भेटताना "याला गणित येत नाही" असं मोघम सांगू नका. "हातच्याच्या वजाबाकीत दशक मोडायला अडतोय, घरी काड्यांवर घेतोय" असं सांगा आणि काही दिवस त्याच पायरीचा गृहपाठ मागा. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा रोखच तिसरी संपेपर्यंत पायाभूत वाचन आणि गणित यावं हा आहे, त्यामुळे अशी मागणी शिक्षकांना नवी नाही.

काही मुलांचं मात्र एवढ्याने भागत नाही. तिसरी संपत आली तरी ७ मोठे की ९ हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, काल पक्कं झालेलं आज पूर्ण पुसलेलं असतं, घड्याळ आणि पैसे दोन्ही कळत नाहीत, आणि बाकी विषयांत मूल हुशार असतं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचे अंक चुकीचे उतरवणाऱ्या कितीतरी मुलांना फक्त चष्मा लागतो. ते ठीक असेल आणि काही महिने नियमित काम करूनही फरक नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या आणि आकडेमोड शिकण्यातल्या अक्षमतेची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे मुलाला परीक्षेतल्या सवलतींचा हक्क मिळू शकतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. पहिल्या दिवशीचा तो न खोडलेला कागद आणि नंतरच्या तारखा घातलेले कागद जपून ठेवा आणि तपासणीला जाताना बरोबर न्या.