नगरपरिषदेच्या घरपट्टी आकारणीवर हरकत: अर्जापासून अपिलापर्यंत

नगरपरिषदेची चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होणारी) करआकारणी झाली की घरोघर नोटिसा येतात आणि कार्यालयात हरकतींचा ढीग लागतो. त्यातल्या बऱ्याच अर्जांत मजकूर एकच असतो: ‘कर फार वाढला, परवडत नाही, कमी करावा.’ असा अर्ज फेटाळणं सोपं असतं, कारण सुनावणीत कराचा दर ठरत नाही. तिथं तपासली जाते ती तुमच्या मालमत्तेची नोंद. म्हणून हरकत बिलाच्या आकड्यावर न घेता तो आकडा ज्या नोंदीतून निघाला, तिच्यावर घ्यावी.

आधी हिशेब समजून घ्या. क्षेत्रफळाला दर चौरस मीटरच्या मासिक भाडेदरानं गुणून वर्षाचं भाडेमूल्य काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. मालमत्ता कर, वृक्षकर, शिक्षण कर अशा ओळी या आकड्यावर बसतात. म्हणजे क्षेत्रफळातली एक चूक बिलाच्या अनेक ओळींत उतरते, आणि पुढची आकारणी होईपर्यंत दरवर्षी उतरत राहते.

नोटीस हातात पडल्यावर कार्यालयात जाऊन आकारणी यादीतली आपली नोंद पाहा आणि उतरवून घ्या. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (आरसीसी म्हणजे सळई-काँक्रीटचं, लोडबेअरिंग म्हणजे भिंतींवर भार असलेलं, पत्र्याचं, मातीचं), बांधकामाचं वर्ष, वापर (निवासी की बिगरनिवासी), स्वतः राहता की भाड्यानं दिलंय, आणि झोन (दरासाठी पाडलेला विभाग), एवढं तपासायचं. जुनं लोडबेअरिंग घर गिलावा आणि रंग पाहून आरसीसीत टाकलेलं सापडतं. बंद पडलेलं दुकान ‘व्यापारी’ म्हणूनच राहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ मापात होतो. समजा, घर आतून ६ बाय ९ मीटर आहे, म्हणजे ५४ चौरस मीटर. टेप बाहेरून लावला आणि भिंती २३ सेंटिमीटरच्या असल्या, तर तेच घर ६.४६ बाय ९.४६, म्हणजे ६१.११ चौरस मीटर भरतं. भाडेदर चौरस मीटरला महिन्याला १० रुपये धरला तर ५४ चौरस मीटरला करयोग्य मूल्य ५,८३२ रुपये आणि ६१.११ ला सुमारे ६,६०० रुपये येतं. भांडण फक्त भिंतींच्या जाडीचं! तेव्हा आकारणी चटई क्षेत्रावर (भिंती सोडून आतलं माप) आहे की बांधीव क्षेत्रावर (भिंतींसह), हे आधी विचारून घ्या. बांधीव असेल तर बाहेरचं माप बरोबरच आहे आणि हरकत वाया जाईल. जुनी कागदपत्रं चौरस फुटांत असतील तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट या हिशेबानं रूपांतर करा.

अर्जात मालमत्ता क्रमांक, चुकीची नोंद, बरोबर नोंद आणि पुरावा, एवढंच लिहा. एका मुद्द्याला एक परिच्छेद पुरतो. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, भाडेकरार, आतली मापं टाकलेला हाताचा नकाशा जोडा. फेरमोजणी हवी असेल तर ती मागणी अर्जातच लेखी करा. त्याच इमारतीतल्या तशाच गाळ्याला कमी भाडेदर लावला असेल तर त्याचा मालमत्ता क्रमांक द्या. ‘शेजाऱ्याला कमी आहे’ एवढ्यानं काही होत नाही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ओळखीच्या कारकुनाकडं दिलेला अर्ज ही हरकत नव्हे. नोटिशीत छापलेली मुदत टळली तर मुद्दा कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

फेरमोजणी दुधारी असते हे ध्यानात ठेवा. मागं वाढवलेली खोली किंवा गच्चीवरची शेड नोंदीत नसेल, तर मोजायला आलेल्या माणसाला ती दिसणारच. अनधिकृत बांधकाम निघालं तर शास्तीही (दंडही) लागू शकते.

सुनावणीला मूळ कागद आणि पोच घेऊन जा. वेळ थोडाच मिळतो, त्यामुळं मापाचा मुद्दा पहिला मांडा. निर्णयाची प्रत मागून घ्या आणि दुरुस्ती अंतिम यादीत चढली का, ते स्वतः पाहा. निर्णय बाजूनं लागूनही बिल जुन्याच आकड्याचं येतं, असं घडतं.

निर्णय विरुद्ध गेला तर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १६९ खाली मालमत्ता कर अपील समितीकडं जाता येतं. बिल बजावल्यापासून १५ दिवसांत अपील करावं लागतं, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि बिलाची रक्कम भरलेली असावी लागते. पैसे भरताना ‘हरकतीस अधीन राहून भरणा’ असं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या. महानगरपालिका हद्दीत वाट वेगळी आहे: १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणं अपील न्यायाधीशांपुढं चालतं, पुण्यात लघुवाद न्यायालयात. मुदत तिथंही १५ दिवसांचीच.