कोकणातल्या नव्या घराचा कार्बन मोजताना या चुका टाळा

कोकणात गावोगाव स्लॅबच्या घरावर पत्र्याची शेड दिसते. स्लॅब गळायला लागला की वर लोखंडी कैच्या आणि पत्रा चढतो. एका घराला दोन छपरं! कार्बनचा हिशेब, म्हणजे घरापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो याची मोजणी, करणारे पहिलं छप्पर धरतात, दुसरं विसरतात. पहिली मोठी चूक हीच.

लंडनच्या 2021 च्या शहर आराखड्यात मोठ्या प्रकल्पांना परवानगीच्या वेळीच साहित्यापासून वापर, दुरुस्ती आणि पाडकामापर्यंतचा कार्बनचा हिशेब मागतात. डेन्मार्कने 2023 मध्ये 1,000 चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना दर चौरस मीटरला वर्षाला 12 किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादाच घातली, हिशेबाचा काळ 50 वर्षं; 2025 मध्ये ती आणखी कडक केली. आपल्या महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशी अट नाही. हरित मानांकन, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र, घेतलं तर वाढीव चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची परवानगी) मिळतं, म्हणून ते प्रमाणपत्र म्हणजेच कार्बनचा हिशेब, असं बरेच जण धरून चालतात. पण सोलर आणि पाणी साठवण्याचे गुण मिळाले म्हणून स्लॅबमधलं सिमेंट काही कमी होत नाही.

आणखी एक चूक जास्त महागात पडते. कागदावर आकडा खाली आणायला काँक्रीटचा ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, उतरवतात, म्हणजे सिमेंट कमी लागतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेला उघडं राहणारं आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) किमान एम 30 ग्रेडचं आणि त्याचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 45 मिलिमीटर हवं. साईटवर मात्र हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा, आणि वाळू खाडीची, न धुतलेली. खारं मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. मग तोडा, भरा, वर शेड टाका. आमच्याच घराचं हे झालंय, म्हणून इतकं तळमळीने लिहितोय.

सिमेंट वाचवायचंच असेल तर स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं सिमेंट, घ्या. त्यात क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मुख्य घटक) कमी असतं, म्हणून कार्बनही कमी, आणि खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. फक्त ते सावकाश घट्ट होतं. किमान 10 दिवस पाणी मारा, सेंट्रिंग काढायची घाई नको.

चिऱ्याला (जांभ्या दगडाला) परदेशी तक्त्यातला विटेचा कार्बनचा आकडा लावू नका. वीट भट्टीत भाजतात, चिरा नुसता खाणीतून कापतात. पण तोच चिरा घाट चढवून लांब नेला, किंवा दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टर केलं, तर तो फायदा डिझेल-सिमेंट खाऊन टाकतं. चांगली पडवी काढली तर भिंत पावसात भिजत नाही आणि बाहेरचं प्लास्टर बरंचसं वाचतं.

आणि जुनं घर जेसीबीने एका दुपारी सपाट करायच्या आधी वासे, कौलं, चिरे मोजून घ्या. धड असतील ते नव्या नकाशात बसवायला इंजिनिअरला आधीच सांगा. नकाशा पास झाल्यावर तो ऐकत नाही.