डॉक्टरांची नोंदणी कशी तपासावी

दोन वर्षांपूर्वी देवगडजवळच्या आमच्या गावात गुडघेदुखीचं शिबिर भरलं होतं. आईने तिथून कागदी पुड्या आणल्या. आठ दिवसांत ती घाटीच्या पायऱ्या चढू लागली. कुणी शंका काढली की म्हणायची, "माका बरा वाटता मा!" महिन्याभराने तिचा चेहरा सुजला, साखर वाढली. कणकवलीच्या डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे, असं सांगितलं. पुडीवर नाव नव्हतं, पावतीही नव्हती. तक्रार करायची तरी कुणाची?

म्हणून माझं पहिलं सांगणं: औषध घेण्याआधी कागद मागा. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठी, दाखला, पावती यांवर लिहावा, असं मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. क्रमांक दिसला नाही तर "चिठ्ठीवर तुमचा रजिस्ट्रेशन नंबर घालून द्याल का?" एवढंच विचारा. यात अपमान काही नाही. मी विचारलं तेव्हा बहुतेक डॉक्टरांनी लगेच शिक्का मारून दिला.

मग पदवी वाचा, कारण क्रमांक कुठे शोधायचा ते पदवीवरून ठरतं. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीयूएमएस (युनानी) असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या राज्य परिषदा वेगळ्या आहेत. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं उपचाराला बांबोळीला जातात. तिथल्या डॉक्टरांची नोंद गोवा मेडिकल कौन्सिलकडे सापडू शकते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. बीएएमएस डॉक्टर म्हणजे बोगस डॉक्टर नव्हे. कोकणातल्या कितीतरी वाड्यांना रात्री-अपरात्री त्यांचाच आधार असतो. फसवणूक होते ती अर्धवट अक्षरांनी. पाटीवर नुसतं "एम.डी." असेल तर कशातलं ते विचारा. मेडिसिनमधली एम.डी. आणि आयुर्वेदातली एम.डी. दोन्ही खऱ्या पदव्या आहेत, पण शिक्षण वेगळं. हृदयविकारासाठी जाताना हा फरक कळायलाच हवा. "एम.डी. (ए.एम.)" म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. ही मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी नाही. ती दिसली तर तिथूनच मागे फिरा.

आता त्या त्या परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून शोधा. एमबीबीएस डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची देशभरची नोंदवहीही आहे. वाडीत रेंज नसेल तर मुंबईच्या भाच्याला चिठ्ठीचा फोटो पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं नाव सापडलं म्हणून थांबू नका. पदवी जुळते का, नोंदणीची मुदत संपली आहे का, हे पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांची एमबीबीएसनंतरची पदवीही नोंदवहीत आहे का ते बघा. लग्न झालेल्या डॉक्टरबाईंची नोंद माहेरच्या आडनावाने असू शकते, म्हणून क्रमांकाने शोधणं जास्त खात्रीचं.

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक बघा. घरी ठेवायच्या नर्सबद्दल महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे विचारता येतं.

नाव कुठेच सापडलं नाही, तरी लगेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. स्पेलिंग चुकलेलं असू शकतं, आधी परिषदेत फोन करून खात्री करा. संशय पक्का झाला की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. सोबत चिठ्ठी आणि पावतीची झेरॉक्स जोडा, उरलेलं औषध फेकू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या.