‘राखणदार’ खेळात घेण्यापूर्वी: चाचणी-सत्रांची तयारी

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या गटाच्या मोहिमेत, म्हणजे सत्रामागून सत्र चालणाऱ्या आमच्या खेळात, गावाची राखण करणाऱ्या दैवतावर बेतलेला ‘राखणदार’ हा नवा क्लास (खेळाडूने निवडायचा पात्राचा प्रकार) घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी चवथीपूर्वी तीन चाचणी-सत्रे घ्यायची आहेत. त्यासाठी काय काय हाताशी असावे ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण पहिल्या खेपेस पुरेशा तयारीविना बसल्यामुळे रविवारची अख्खी दुपार खर्ची पडली आणि हाती काहीच निष्कर्ष आला नाही. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो. खालचे हिशेब त्याच नियमांवर आधारलेले आहेत.

सर्वांत आधी एक कोरा कागद घेऊन हा क्लास खेळाडूंना काय देऊ पाहतो ते दोन वाक्यांत लिहावे. राखणदार दांड्याने जमिनीवर दहा फूट त्रिज्येची सीमा आखतो आणि ती ओलांडणाऱ्या शत्रूला इजा होते, एवढे त्याचे मूळ सामर्थ्य आहे. पण माझ्या मते त्याचे खरे काम इजा करणे नसून, एरवी मागे लपून राहणाऱ्या सोबत्याला निर्धास्तपणे उभे राहायला जागा करून देणे हे आहे. म्हणून त्याच कागदावर हेही लिहावे की, तीन सत्रांनंतर एकाही सोबत्याला सीमेच्या आधाराने आपली चाल बदलावीशी वाटली नाही, तर इजेचे आकडे कितीही मोठे असले तरी क्लास फसला असे धरायचे. ही कसोटी खेळ सुरू होण्यापूर्वीच लिहिलेली असावी, नाहीतर आपल्याच रचनेवरच्या मायेपोटी आपण ती नकळत सैल करतो.

त्यानंतर नियमाच्या मजकुराकडे वळावे, आणि इथे घाई मुळीच करू नये. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘शत्रूने सीमा ओलांडल्यास’ इतकेच शब्द होते. तिसऱ्याच फेरीत (फेरी म्हणजे सगळ्यांचे एकेक वळण) एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, सीमेच्या आतून बाहेर पळाला आणि राखणदार खेळणारी मुलगी हातात आठ बाजूंचा फासा धरून थांबली: आता टाकायचा की नाही? ओलांडणे म्हणजे आत येणेही आणि बाहेर जाणेही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते, आणि वीस मिनिटे वादात गेली. आता मजकूर असा आहे: ‘शत्रू सीमेच्या बाहेरून आत आला, तर त्याच्या प्रत्येक वळणात फार तर एकदा.’ प्रत्येक वाक्य गटाबाहेरच्या एखाद्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्याला काय कळले ते आपण मध्ये न बोलता ऐकावे.

हिशेब टेबलावर बसण्याआधीच करून ठेवावा. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ४.५ असते, म्हणून सहा गॉब्लिन एका फेरीत सीमेत शिरले तर सरासरी २७ इजा होते. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचा अग्निगोल सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी २८, एवढी इजा प्रत्येकाला करतो हे खरे. तरीही पहिल्याच लेव्हलला, कोणताही मंत्र खर्च न करता, एका फेरीत एकूण २७ इजा वाटली जाणे हे फार झाले, आणि ते आम्हाला कागदावरच दिसायला हवे होते. उपाय म्हणून सीमेचा प्रहार राखणदाराच्या प्रतिक्रियेला, म्हणजे दुसऱ्याच्या वळणातही करता येणाऱ्या झटपट कृतीला, बांधला. प्रतिक्रिया एका फेरीत एकच मिळत असल्यामुळे, सोबत्याने एकाच शत्रूला ढकलून पुन्हा पुन्हा आत पाठवण्याची युक्तीही त्यामुळे बंद झाली. त्याचबरोबर क्लास आता फार दुबळा तर झाला नाही ना, हाच या वेळच्या चाचणीचा मुख्य प्रश्न आहे.

कॅरेक्टर शीट (पात्राच्या शक्ती आणि आकडे लिहिलेला कागद) तीन करावीत: तिसऱ्या, पाचव्या आणि अकराव्या लेव्हलचे. पाचव्या लेव्हलला योद्ध्याला दुसरा प्रहार मिळतो, जादूगाराला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात आणि प्रावीण्याचा बोनस २ वरून ३ होतो. अकराव्याला योद्ध्याचे प्रहार तीन होतात. सोबती असे झेप घेत असताना राखणदार जागच्या जागी राहतो का, हे या टप्प्यांवरच कळते.

आखणीच्या कागदावर एक इंच म्हणजे पाच फूट धरून तीन रणभूमी काढून ठेवाव्यात. पहिली खाजनातला (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतला) अरुंद बांध, एका टोकाला मानस, म्हणजे पाणी अडवायचे दार. तिथे सीमा सर्वांत प्रबळ ठरणार. दुसरी उघडा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार, जिथे शत्रू तिला सहज वळसा घालेल. तिसरी रायबंदरहून चोडणला जाते तशी फेरीबोट, कारण बोटीवर आखलेली सीमा बोटीबरोबर सरकते की पाण्यावर मागे राहते, याचे उत्तर नियमात असायलाच हवे. (ती सरकते, असे मी ठरवले आहे.) प्रत्येक सत्रात तीन लढाया आणि लढाईविना एक प्रसंग ठेवावा. एकाच लढाईवर सत्र संपवले तर तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर परत येणाऱ्या शक्ती आणि आठ तासांच्या मोठ्या विश्रांतीनंतरच येणाऱ्या शक्ती यांतला फरक दिसतच नाही.

बांधावरची लढाई दोनदा खेळवावी, एकदा राखणदारासह आणि एकदा त्याच्या जागी साधा योद्धा ठेवून. तरीही एका निकालावर विसंबू नये: ज्या नेमाला ५० टक्के संधी आहे, तो ओळीने चारही वेळा चुकणे सोळांत एकदा घडतेच, आणि बहुतेक लढाया चार-पाच फेऱ्यांतच संपतात.

क्लास ज्याने रचला त्याने तो खेळू नये आणि सूत्रधारही (खेळ चालवणाराही) होऊ नये. मी कोपऱ्यात वही घेऊन बसणार आहे आणि नियम समजावून सांगणार नाही. चार खेळाडूंपैकी एक नियमांतल्या फटी शोधण्यात तरबेज असावा, एक अगदी नवखा असावा.

राखणदारावर गोव्यातल्या कितीतरी गावांत आजही श्रद्धा आहे, त्याला वहाणा, घोंगडी, दांडा वाहिला जातो, आणि आमच्या खेळाडूंपैकी दोघांच्या घरी त्याला नारळ ठेवला जातो. म्हणून प्रत्येकाला आधी एकेकट्याने विचारावे, कोणत्याही गावाच्या राखणदाराचे प्रत्यक्ष नाव वा स्थान खेळात आणू नये, आणि कोणाला थोडेही खटकले तर नाव बदलून ‘सीमापाल’ करावे. नियम त्याने बदलत नाहीत.

पावसात वीज जाते, तेव्हा चार्ज केलेला दिवा आणि शीटसाठी प्लॅस्टिकची पाकिटे लागतील. भजी सत्रानंतर.

वहीत प्रत्येक फेरीसाठी तीन रकाने आखावेत: वळणाला लागलेला वेळ, सीमेमुळे कोणी आपली चाल बदलली का, आणि खेळाडूचे शब्द. शब्द कोकणीत आले तर कोकणीतच उतरवावेत. सत्र संपल्यावर गप्पा सुरू होण्याआधी प्रत्येकाने उत्तरे स्वतंत्रपणे लिहून द्यावीत, कारण पहिला बोलणारा इतरांचे मत वळवतो. प्रश्न तीनच: कोणत्या क्षणी कंटाळा आला, कोणता नियम पुन्हा वाचावा लागला, आणि पुढच्या वेळी हा क्लास स्वतः घ्याल का.

प्रत्येक शीटच्या वरच्या कोपऱ्यात मसुद्याचा क्रमांक आणि तारीख घालावी, आणि पहिल्या सत्रातल्या जुन्या प्रती सगळ्यांकडून परत मागून घ्याव्यात. त्यांतल्या दोन अजून कोणाच्या तरी पिशवीत आहेत.